खारपाणपट्ट्यातले गुलाब

आई दादाकडे राहायला जायला तयार झाली ती एकाच अटीवर: गुलाब सोबत येतील. दादा म्हणाला, "आन ना, सगळे आन. जागाच जागा हाय आपल्याकडे. बोअर हाय, चोवीस तास पानी." पाण्याबद्दल तो एवढंच बोलला. पाणी आहे हे त्याने सांगितलं, कसं आहे ते नाही सांगितलं.

आता कोणीही विचारील, आणि विचारतातच, की अमरावतीत पोटची मुलगी असताना म्हातारीला अकोल्याला कशाला धाडलं? आईच्या घरापासून माझा फ्लॅट रिक्षाने जराही लांब नाही. तरी बाबा गेल्यावर तिने माझ्याकडे यावं हा विषय आमच्या घरात निघालाच नाही. आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. बहुतेक मुलींच्या बाबतीत ही रीत लवकरच आपोआप सुटते. बारसं होतं, आजी येते, पोटभर जेवते, संपलं. माझ्या बाबतीत ती सुटली नाही, कारण मला मूल झालं नाही. आई माझ्याकडे यायची ती पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. माझ्या सोफ्यावर बसून, माझ्यासमोर, आपल्या घरचं पाणी प्यायची. मी बँकेत नोकरी करणारी बाई, चारचौघांत कोणाचं ऐकून न घेणारी, पण त्या बाटलीपुढे माझं कधी काही चाललं नाही. एकदा चिडून म्हणाले, "आई, नळाले पानी तं एकाच टाकीतून येते. तुह्या घरचं अन् माह्या घरचं काय येगळं हाय?"

"पानी तेच हाय वं," ती म्हणाली. "घर तुहं हाय ना."

मी चहा फक्त माझ्यापुरता करायला शिकले.

गुलाब पाच होते. एक गावठी, फिक्या गुलाबी रंगाचा, ज्याचा ती दरवर्षी गुलकंद करायची. दोन गडद लाल, एक पिवळा, आणि एक असा की ज्याचा रंग सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा दिसायचा. पुढच्या फाटकापासून ओट्यापर्यंत ती एका ओळीत लावलेली झाडं होती. बाबांना त्यांचं काही कौतुक नव्हतं. काटे धोतराला लागतात म्हणून ते कुरकुरायचे. गुलाब पहिल्यापासून आईचे एकटीचे होते. तिच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं. जे काही तिचं म्हणून होतं ते या पाच झाडांत होतं, आणि ते दादाला कळत होतं म्हणूनच त्याने इतक्या चटकन हो म्हटलं, असं मला आता वाटतं.

झाड हलवायची तिची पद्धत होती. थंडी पडली की आधी छाटणी. मग बुंध्याभोवती गोल आखून त्याची अर्धीच बाजू खणायची, तिकडची मुळं तोडायची, त्या चरात शेणखत भरायचं आणि गप्प बसायचं. झाडाला कळलं पाहिजे की कुठेतरी जायचं आहे, पण एकदम कळायला नको, असं ती म्हणायची. तोडल्या जागी पांढरी नवी मुळं फुटली की मग दुसरी बाजू. शेवटी आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं, तेही बेताचं. आमच्या काळ्या मातीचे नखरे फार. कोरडी असली तर दगड, ओली असली तर चिखल, मधला एखादाच दिवस ती शहाण्यासारखी वागते. तो दिवस आईला बरोबर कळायचा. गोळा अख्खा निघाला की तो पोत्यात गुंडाळून सुतळीने बांधायचा, आणि त्याआधी उगवतीकडच्या फांदीला एक चिंधी बांधून ठेवायची. नव्या जागी चिंधी पुन्हा उगवतीकडेच आली पाहिजे, नाहीतर झाड बावचळतं.

दादाला एवढा धीर नव्हता. रोज फोन. "कवा येतं? टेम्पोवाल्याले सांगून ठिवलं म्या. झाडं होत की पोरीचं लगन?" आई त्याला म्हणायची, "येतो रे, मुया फुटून राह्यल्या." ज्या दिवशी निघाली त्या दिवशी दादाने तिच्यासाठी गाडी आणली होती, एसीची. ती टेम्पोत बसली. ड्रायव्हरशेजारी बसून मूर्तिजापूरपर्यंत ती मागे वळून वळून बघत होती, म्हणे, पोती हलली तर नाहीत. हे मला ड्रायव्हरनेच सांगितलं. मी माझ्या गाडीने मागून गेले होते, लावायला हात द्यायला.

दादाचं घर अकोल्याच्या बाहेर, अकोट रोडला. नवीन प्लॉट, नवीन बंगला, पुढे फरशी आणि बाजूला मोकळी पट्टी. आम्ही खड्डे करत होतो तेव्हा शेजारची बाई कुंपणाशी आली. त्यांचं अकोल्यात गादी-रजईचं दुकान आहे. बाई बोलायला मोकळी. चिंध्या बांधलेली झाडं बघून ती म्हणाली, "अम्मा, गुलाब कायको लाये इथं? पानी खारा है ना. हमारा मोगरा भी जल गया."

आईने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "काही नाही होत. खत टाकू." आणि टेम्पोवाल्याशी भाड्यावरून बोलायला निघून गेला.

हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. दर्यापूर, अकोट, अकोल्याची ही बाजू, कुठेही बोअर मारा, पाणी लागतं आणि खारट लागतं. तिथल्या पोरासोरांना हे माहीत असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, फरशी वाळली की पांढरी होते. माझ्या भावाला हे माहीत नव्हतं असं नाही. बोअर मारणाऱ्याने त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. प्यायला आणि स्वयंपाकाला त्यांच्याकडे जार येतो, निळा, वीस लिटरचा. नळ येतो तोही कधीमधी. बाकी सगळं बोअरवर. आणि हे सगळं ठाऊक असून त्याने सांगितलं होतं, आन ना, सगळे आन.

मी त्याच दिवशी आईला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याले मालूम होतं. तुले सांगतलं कावून नाही?"

"जाऊ दे," ती म्हणाली. "आनतो म्हनला, हे काय कमी हाय?"

आईचं हे असंच. लेकाच्या खोटेपणातही तिला प्रेम सापडतं. मी खरं बोलले तरी ती माझ्या तोंडाकडे बघते, हिला काय खुपतंय म्हणून.

पहिल्या महिन्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. विस्तव लागल्यासारख्या, तपकिरी. आई फोनवर सांगायची तेव्हा आवाज बारीक व्हायचा. मी म्हटलं, मरू दे आई ते गुलाब, तू धड राहा. ती दोन दिवस फोनवर बोलली नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एकाएकी तिचा आवाज बदलला. "लागले वं," ती म्हणाली. "पाचही लागले. नवीन फूट आली." मी गेले तेव्हा खरंच, लाल लाल कोवळ्या पालवीने झाडं भरली होती. गावठीला कळ्या होत्या. शेजारची बाई कुंपणापलीकडून बघून कानाला हात लावायची. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "आईचा हातगुन. ह्या पान्यात कोनाच्याच घरी गुलाब नाही, आपल्या घरी हाय." वहिनींनी त्यांचे फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. मीसुद्धा भुलले. मीसुद्धा मनात म्हटलं, आईच्या हातात काहीतरी आहेच.

पावसाळा संपता संपता आईचे पाय सुजायला लागले. मग तोंड. जेवण जाईना, मळमळ, थकवा. नात्यातली माणसं भेटायला येऊन म्हणायची, म्हातारीला पाणी लागलं. नव्या जागचं पाणी मानवलं नाही की आपण असंच म्हणतो, त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. झाड लागलं म्हणजे जगलं, आणि माणसाला पाणी लागलं म्हणजे ते खंगलं. दोन्हीला एकच शब्द. आईच्या बाबतीत दोन्ही एकदमच चाललं होतं आणि आम्हा कोणाच्या डोक्यात प्रकाश पडत नव्हता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. किडनीवर परिणाम झालेला आहे म्हणाले. आधीचा काही त्रास? नाही. मग त्यांनी विचारलं, पाणी कोणतं पितात? दादा छाती काढून म्हणाला, "जारचंच. आमच्या घरी बोअरचं कोनी पेत नाही." डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आई पदराच्या टोकाशी खेळत बसली होती. मी तिथे होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं, इतका तिचा तो चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे.

मी रजा टाकून त्यांच्याकडे राहिले. दुपारी सगळे झोपले होते. दादा कामावर, वहिनी आपल्या खोलीत. मला घरात डुलकी लागत नव्हती म्हणून मी मागच्या दाराशी येऊन बसले, तर आई बाजूच्या पट्टीत. हातात स्टीलची कळशी. ही कळशी वहिनी रोज सकाळी जारमधून भरून आईच्या उशाशी ठेवायच्या, दिवसभर प्यायला. आई वाकून एकेका गुलाबाच्या आळ्यात लोट्याने ते पाणी घालत होती. घाई नाही, सांडलवंड नाही. शेवटचा लोटा तिने गावठीला दिला. मग रिकामी कळशी घेऊन धुण्याच्या दगडाकडे गेली, बोअरचा नळ सोडला, कळशी भरली, पदराने बाहेरून पुसली आणि खोलीत नेऊन होती तिथे ठेवली.

मी तिच्या मागोमाग खोलीत गेले. तिने पेला भरून तोंडाला लावला होता. मी तो हातातून घेतला आणि प्यायले. लोक खारट म्हणतात, पण ते नुसतं खारट नसतं. कडू असतं, जिभेवर खडू घासल्यासारखं. ते गिळताना मला ओकारी आली.

"कवापासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"तुले काही समजते का आई? तू मरशील ना!"

"हळू बोल. सून उठंल." मग पलंगावर बसून म्हणाली, "माह्यं काय वं, माह्यं झालं सगळं. त्याईले तरी गोड पानी भेटू दे. म्याच आनलं ना त्याईले इथं."

मला भयंकर राग आला. तिच्यावर, दादावर, त्या लाल पालवीवर. ज्या पालवीचे फोटो मी मैत्रिणींना दाखवले होते ती माझ्या आईच्या किडनीवर पोसलेली होती.

संध्याकाळी दादा आला तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल. त्याने बूट काढत काढत ऐकलं. "मंग?" म्हणाला. "जार तं देतो ना आमी तिले. तिनं त्याचं काय केलं, म्या पाहत बसू का?"

"तिच्यासाठी अजून एक जार लाव. गुलाबाचा म्हनून. ती आपलं पानी पेईल मग."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गुलाबाले जारचं पानी? ताई, लोकं काय म्हनतील आमाले? इथं मानसाइले भेटत नाही."

आणि दादा हसला. खरंच हसला. "आरओचे गुलाब," म्हणाला.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू तिला फसवून आणलंस इथपासून सुरू केलं आणि बापाच्या तेराव्यापर्यंत गेले. तो शेवटी एवढंच म्हणाला, "तुले येवढं वाटते तं घेऊन जाय ना तुह्या घरी." मी आईकडे वळले. म्हटलं, चल. गुलाब कुंड्यांत लावू, माझ्या बाल्कनीत ऊन येतं, नळाला गोड पाणी आहे, चल उद्याच.

आई म्हणाली, "लेकीच्या घरी? बरी हायेस ना तू? तिथं घोटभर पानी तरी पेता येते का मले?"

माझ्या भावासमोर म्हणाली. वहिनींसमोर. खारं पाणी पिऊन सुजलेल्या तोंडाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा कळशी उचलली. मी बघते आहे हे तिला दिसत होतं, तरी उचलली. तेव्हा मला कळलं की ही थांबणार नाही. मी शपथा घातल्या, रडले, तरी थांबणार नाही. झाडं आहेत तोवर ही आपलं पाणी त्यांना देणार. दादा दुसरा जार आणणार नाही आणि ही माझ्याकडे येणार नाही. मी गॅरेजमधून कुदळ घेतली.

ती पायरीवर बसून बघत होती. मला वाटलं धावून येईल, शिव्या देईल, हात धरील. मी पहिला घाव पिवळ्याच्या बुंध्याशी घातला. माती ओली होती, गोड पाण्याने. आई म्हणाली, "मुयासगट काढजो. अर्धं नोको ठिवू, हाल होतात." तेवढंच. मी पाचही काढले. गावठीला अर्ध्या उमललेल्या कळ्या होत्या. हाताला काटे लागून रक्त आलं तर शेजारची बाई कुंपणावरून हळदीची डबी देऊन गेली. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "फरशीवर माती नका पाडू."

त्या दिवसापासून आई माझ्याशी नीट बोलत नाही. येणाऱ्याला सांगते, पोरीनं गुलाब मारले. खारं पाणी, बोअर, दादा, यातलं काही त्यात नसतं.

पण कळशीतलं पाणी ती प्यायला लागली. द्यायला कोणी उरलंच नव्हतं.

डॉक्टरांनी अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. दर आठवड्याला तपासायला हवं होतं, म्हणजे काही दिवस अमरावतीत राहणं आलं. आईचं जुनं घर दादाने केव्हाच भाड्याने दिलं होतं, आणि अमरावतीत माझ्याशिवाय कोणी नाही. आईने दोन दिवस पिशवी भरली नाही. मग दादाला बोलावून काहीतरी सांगितलं.

तो तिला घेऊन आला. आधी तिला लिफ्टने वर पोचवलं, मग खाली गेला आणि गाडीच्या डिकीतून सामान आणलं. एका पिशवीत पीठ, एकात तांदूळ आणि डाळ. आणि खांद्यावर निळा जार. घामाघूम होऊन त्याने तो माझ्या ओट्याशेजारी ठेवला. "आईचं पानी," म्हणाला. "तिले तुह्या घरचं चालत नाही ना."

गुलाबांसाठी दुसरा जार आणायची ज्याला लाज वाटली, तो खारपाणपट्ट्यातून अमरावतीला पाणी घेऊन आला होता, आणि आई कौतुकाने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत होती.

तिचं पीठ मी वेगळं मळते, तिचा भात वेगळ्या पातेलीत लावते. जार संपत आला तेव्हा दादाला फोन केला. "येतो शनिवारी," म्हणाला. आला नाही. पुढच्या शनिवारी त्याच्याकडे काहीतरी कार्यक्रम होता. आई पेला भरताना जार वाकडा करून बघायला लागली आणि घोट घोट पुरवून प्यायला लागली. डॉक्टरांनी तर पाणी कमी पडू देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी जार माझ्या नळाखाली लावला. गळ्यापर्यंत नाही भरला. अर्धा.

दुपारी तिला पेला दिला. तिने एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. "गोड हाय," ती म्हणाली. मग बऱ्याच दिवसांनी माझ्याशी सरळ बोलली. "तू त्याले इतकं बोलली. पन मायची काळजी शेवटी लेकालेच."

मी दुसरा पेला भरून दिला.

सूज उतरते आहे. रिपोर्ट बरे येत आहेत. दादा रोज संध्याकाळी फोन करतो, आई स्पीकरवर त्याला सांगते, "पानी पुरून राह्यलं रे बापा, तू नोको येऊ इतक्या लांब." तो म्हणतो, बरं. एक जार इतके दिवस कसा पुरतो, हे तो विचारत नाही. तीही विचारत नाही.